लेक परत येईल, सेमिस्टर येईल का?

पत्र : ताई, सा. न. माझं डिचोली बाजारात भुसारी दुकान आहे. थोरली मुलगी गोव्यातच एम.एस्सी. करते, विषय सागरी विज्ञान. तिची पोर्तुगालमधल्या एका विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी निवड झाली आहे, सप्टेंबर ते जानेवारी. तिथली फी माफ, वर महिना ८५० युरो आणि विमानाचे पैसे. मुलगी हवेत आहे. घरात मात्र तीन पक्ष. बायको म्हणते, गणेशचवथीला थोरली घरात नाही असं आजवर कधी झालेलं नाही. मेव्हणा इंग्लंडात असतो. तो म्हणतो, आजोबांच्या जन्मावरून पोर्तुगीज पासपोर्ट करा आणि कायमचीच पाठवा, ही चार-पाच महिन्यांची नाटकं कशाला. मला वाटतं, एकदा गेली की येणार नाही. आमच्या वाड्यावर दोन घरांना कुलपं आहेत, पोरं बाहेर. शिवाय कोणी फुकट नेतंय म्हणजे काहीतरी गोम असणार. मुलीने विभागात विचारलं तर 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणाले. पाठवू का?
— एक बाप, डिचोली

दादा,

पत्र दोनदा वाचलं. लेक परत येणार नाही ही तुमची भीती कळते, पण मला तिची काळजी नाही. काळजी वाटली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या चार शब्दांची. 'काही प्रॉब्लेम नाही' म्हणाले. कोण म्हणालं? उभ्या उभ्या म्हणालं की कागदावर? मी पंचवीसेक वर्षं शिकवलं आणि शेवटची काही वर्षं बाहेर जाणाऱ्या-येणाऱ्या मुलांची कागदपत्रं माझ्याच टेबलावरून जायची. त्या अनुभवावरून सांगते, लेक परत येईल हो. तिचं सेमिस्टर परत येईल का, ते आधी बघायचंय.

पण तुमच्या क्रमानेच जाऊ. आधी गोम.

संशय आला हे चांगलंच, दुकान चालवणाऱ्या माणसाला तो यायलाच हवा. पण इथे फुकट काही नाही, हिशेब फक्त वेगळ्या वहीत मांडलाय. तुम्ही योजनेचं नाव लिहिलेलं नाही. तिथली फी माफ, महिना ठरावीक युरो, प्रवासखर्च आणि एकच सेमिस्टर, या खुणा इरॅस्मस प्लसच्या दिसतात. युरोपातल्या देशांनी १९८७ साली आपापसात ही देवाणघेवाण सुरू केली. पहिल्या वर्षी ११ देशांतली ३,२४४ मुलं गेली. पुढे २०१४ साली इरॅस्मस प्लस असं नवं रूप आलं आणि युरोपाबाहेरच्या विद्यापीठांशीही मुलं-शिक्षक पाठवण्या-आणण्याची सोय झाली. पैसा युरोपियन युनियनचा. तिथलं विद्यापीठ प्रस्ताव पाठवतं, की अमुक विद्यापीठातून आम्ही एवढी मुलं बोलावू, एवढे शिक्षक पाठवू. तो मंजूर झाला की जागा निघतात आणि मग इथे नोटीस लागते. फी माफ म्हणजे तिथली माफ. इथली तुम्ही भरत राहणार, कारण कागदोपत्री ती इथलीच विद्यार्थिनी. तिथून एखादी मुलगी इथे आली तर तिच्याकडूनही इथे शिकवणीची फी घ्यायची नाही. पूर्वी आगरातून मीठ यायचं आणि घाटावरून तांदूळ, तसलाच प्रकार.

मेव्हण्यांचा सल्ला या विषयात आणूच नका. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, हे गोव्यातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. त्या पासपोर्टावर इंग्लंडातलं स्विंडन गाठणाऱ्यांची वाट मात्र ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यावर, २०२० च्या अखेरीस बंद झाली. आज नव्याने पोर्तुगीज झालेल्या माणसाला इंग्लंडात जाऊन राहायचं तर व्हिसा लागतो. मेव्हणे त्याआधीच पोचलेले असणार, म्हणून त्यांना ती वाट अजून उघडी दिसते. आणि आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. आपणहून दुसऱ्या देशाचं घेतलं की आपलं गेलं, १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय. घ्यायचं की नाही ते घरात बसून कधीतरी निवांत ठरवा. एका सेमिस्टरच्या शेपटीला बांधून ठरवू नका.

आता वाड्यावरची कुलपं. दादा, गोव्याला जाणं नवीन नाही. जहाजावर तारवटी म्हणून गेले, आफ्रिकेत गेले, गल्फात गेले. पण हे सगळं जाणं एकाच जातीचं. पैसे घरी येतात, माणूस येत नाही, आला तर पेन्शनीत येतो. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारीयांचा पुतळा आहे, समोर बाई आडवी आणि तिच्यावर हात उगारलेला बाबा. लहानपणी आम्हाला त्याची भीती वाटायची. कांदोळीत जन्मलेला हा मुलगा १७७१ साली, पंधराव्या वर्षी, बापाबरोबर लिस्बनला पोचला. संमोहनविद्येत नाव काढलं आणि १८१९ साली पॅरिसमध्ये वारला. गोव्यात परतला तो ब्राँझचा होऊन. परदेशी जाणं म्हटलं की तुमच्या मनात येतं ते हे.

विद्यार्थी विनिमयात तसं नसतं. पदवी इथूनच घ्यायची असते, व्हिसा तेवढ्याच मुदतीचा, परतीचा प्रवास मुळातच धरलेला. तुमच्या लेकीला तिकडेच राहायचा बेत करायचा असता तर तिने दोन वर्षांच्या पूर्ण मास्टर्सला अर्ज केला असता. त्यासाठी इरॅस्मस मुंडुस नावाची वेगळी शिष्यवृत्ती आहे, महिना १,४०० युरोंची. तिने ती वाट धरलेली नाही. पुढे पीएच.डी.साठी जावंसं वाटलं तर वाटेल. ते तिला डिचोलीत बसूनही वाटू शकतं.

गेला आणि परत आला, असा माणूस हवा तर तोही आपल्याकडे आहे. सांकवाळचे धर्मानंद कोसंबी. १८९९ साली ज्ञानाच्या ओढीने घर सोडलं, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथे घातले, पाली भाषेत पारंगत झाले. १९१० साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात गेले. 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचं अर्धवट राहिलेलं संपादन पुरं करायला त्यांना बोलावलं होतं. काम त्यांनी मन लावून केलं. पण ग्रंथावर संपादक म्हणून नाव कुणाचं, कसं लागणार, यावरून तिथल्या प्रोफेसर लॅनमन यांच्याशी बिनसलं आणि १९१२ साली ते निघून आले. पुढे पुन्हा गेले, पुन्हा आले. ग्रंथ छापून निघाला तो १९५० साली, कोसंबी वारले १९४७ साली.

हे मी का सांगतेय ते लक्षात आलं असेल. क्रेडिटला आपल्या विद्यापीठांच्या मराठीत श्रेयांक म्हणतात. एवढा मोठा माणूस, पण श्रेय कुणाच्या नावावर ते आधी ठरलेलं नव्हतं. तुमच्या लेकीचे श्रेयांक कुणाच्या वहीत, किती आणि कशाच्या बदल्यात पडणार, हे तिने विमानात बसण्याआधी ठरायला हवं.

एका मुलाची गोष्ट सांगते. नाव, गाव, संस्था राहू दे. हुशार मुलगा, असाच एका सेमिस्टरसाठी युरोपात गेला. जाताना विभागप्रमुखांना विचारलं, तिथले पेपर इथे धरणार ना? ते पाठीवर थाप मारून म्हणाले, 'तूं वच रे, मागीर पळोवया.' म्हणजे तू जा रे, नंतर बघू. गोव्यातल्या कचेरीत 'मागीर पळोवया' ऐकलं की आपण निर्धास्त होतो, खरं म्हणजे तिथेच घाबरायला हवं. मुलगा पाच पेपर करून आला, चांगले करून आला. तोवर ते प्रमुख निवृत्त झालेले. नव्या बाईंनी दोन्हीकडचे अभ्यासक्रम समोरासमोर ठेवले आणि पाचातले दोन मान्य केले. त्यांचंही चुकलं नाही, त्यांच्या हातात कागदच नव्हता. मुलगा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्याजवळ निळी प्लॅस्टिकची फाइल होती. आत तिथल्या पेपरांची टिपणं, आणि आपल्या अभ्यासक्रमाशी जुळणाऱ्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारलेल्या, बाजूला बारीक अक्षरात पानांचे आकडे. त्या रेघा जाण्याआधी मारल्या असत्या आणि खाली एक सही घेतली असती तर अर्ध्या तासाचं काम. पुढच्या जुलैत तो ज्युनियरांबरोबर बसून उरलेले तीन पेपर देत होता. पदवी वर्षभराने हातात पडली.

तेव्हा हे बारकाईने वाचा, आणि लेकीलाही वाचायला द्या.

जाण्याआधी एक करारपत्र करतात, त्याला लर्निंग ॲग्रीमेंट म्हणतात. एका रकान्यात ती तिथे कोणते पेपर करणार, दुसऱ्या रकान्यात त्याबदल्यात इथले कोणते पेपर झाले असं धरायचं. खाली तीन सह्या : मुलीची, इथल्या विद्यापीठाची, तिथल्या विद्यापीठाची. पहिला रकाना मुलं उत्साहाने भरतात. दुसरा 'नंतर' म्हणून मोकळा सोडतात. दुसरा भरल्याशिवाय तिकीट काढायचं नाही, एवढं जरी या पत्रातून घेतलंत तरी पुरे.

तो भरताना अडचण येते ती मापाची. तुम्हाला शेर-पायलीचं किलोत करायची सवय असेल, हेही तसंच. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे सेमिस्टरला ३०. आपल्याकडे एम.एस्सी.ला सेमिस्टरला साधारण २०. म्हणून कुणी म्हणेल, तिने ३० आणले तर आपण ३० देऊ, आणि दुसरा म्हणेल, त्यांचं क्रेडिट हलकं आहे, निम्मे धरू. दोघंही चुकले. त्यांच्या एका क्रेडिटमध्ये २५ ते ३० तास धरतात, पण त्यात वर्ग, प्रयोगशाळा, घरी केलेला अभ्यास, परीक्षा असं सगळं आलं. आपल्याकडे पूर्वापार एका क्रेडिटला वर्गातले १५ तास मोजतात, घरचा अभ्यास त्याच्या बाहेर. मापंच वेगळी. तेव्हा सरळ हिशेब असा की तिथलं पूर्ण सेमिस्टर म्हणजे इथलं पूर्ण सेमिस्टर, ३० ला २०, दीडास एक. हे वाक्य त्या कागदावर, नाहीतर सोबतच्या पत्रात, यायला हवं.

पेपराला पेपर जोडायला गेलात तर फसाल. तिथे 'किनारी परिसंस्था' असेल, इथे 'सागरी जीवशास्त्र'. निम्मं जुळेल, निम्मं नाही. जुळवत बसलं की पाचाचे दोन होतात ते असे. विभागाला विनंती करायची की गठ्ठ्याने मान्यता द्या. ऐच्छिक पेपर आहेत त्यांच्या जागी तिथले पेपर एकगठ्ठा बसवायचे आणि सक्तीचा एखादा असेल, जो तिथे मिळतच नाही, तेवढा इथे नंतर करायचा. तो कोणता आणि कधी, हेही लिहून. आणखी एक होतं. तिथे पोचल्यावर एखादा पेपर रद्द होतो, नाहीतर दोन पेपरांचे तास एकमेकांवर येतात. मग पेपर बदलावा लागतो आणि करारपत्रही बदलावं लागतं, पहिल्या काही आठवड्यांतच, पुन्हा तिन्ही सह्यांनिशी. मुलं पेपर बदलतात आणि कागद बदलायचं विसरतात.

मग गुण. पोर्तुगालमध्ये २० पैकी गुण देतात, १० ला पास. माझे वडील पणजीच्या लिसेवात, म्हणजे पोर्तुगीज हायस्कुलात, शिकलेले. 'मला १५ व्हालोर होते' हे ते इतक्या ऐटीत सांगायचे की आम्ही भावंडं मनात म्हणायचो, १५ म्हणजे ७५ टक्के, त्यात काय एवढं? मोठी झाल्यावर कळलं की १८-१९ तिथे हाताच्या बोटावर मोजण्याइतक्यांना मिळतात आणि १४-१५ म्हणजे चांगला विद्यार्थी. लेक १४ घेऊन आली आणि इथल्या कारकुनाने पाचाने गुणून ७० लिहिले, तर तिची सरासरी उगाच खाली येईल. गुणांचं रूपांतर कोणत्या तक्त्याने करणार, की नुसतं 'उत्तीर्ण' लिहून सरासरीतून वगळणार, तेही आधी विचारून घ्या. पहिल्या-दुसऱ्या नंबरात असलेल्या मुलीला याने फार फरक पडतो.

कॅलेंडरचा गुंता तर कुणाच्याच लक्षात येत नाही. आपलं तिसरं सेमिस्टर जून-जुलैला सुरू होऊन नोव्हेंबरात संपतं. त्यांचं सप्टेंबरात सुरू, परीक्षा जानेवारीत, नापास झालं तर फेरपरीक्षा फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे इथले पहिले दोन महिने ती वर्गात असेल, ते वाया, आणि इथलं चौथं सेमिस्टर सुरू होईल तेव्हा ती तिथे परीक्षा देत असेल. हजेरीचं काय? चौथ्या सेमिस्टरला प्रबंध असेल तर फारसं बिघडत नाही. मार्गदर्शक आताच ठरवायचा, विषय ठरवायचा, आणि फेब्रुवारीपासून प्रयोगशाळेत. सागरी विज्ञानाची मुलगी आहे, तिथल्या अटलांटिक किनाऱ्यावरचं काही निरीक्षण प्रबंधात वापरता आलं तर दुधात साखर. पण प्रबंधाऐवजी वर्ग असतील तर उशिरा येण्याची परवानगी लेखी हवी.

(एक गोष्ट लोक उगाच घोळात घेतात म्हणून सांगते. परदेशी पदवीला भारतात समकक्षतेचा दाखला लागतो, तो इथे लागत नाही. तिची पदवी भारतीयच राहणार. तिने फक्त तिथून निकालपत्रक, ज्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात, ते शिक्क्यासकट आणायचं. निघण्याआधी तिथल्या कचेरीत जाऊन स्वतः मागायचं. पोस्टाने येईल म्हणून सोडून यायचं नाही.)

पैशाचं थोडक्यात. ८५० युरोंत पोर्तुगालमध्ये विद्यार्थ्याचं भागतं. लिस्बन किंवा पोर्तो असेल तर खोलीभाड्यानेच कंबर मोडते, लहान शहर असेल तर थोडं उरेलही. खरी ओढाताण पहिल्या दीड महिन्यात होते. विद्यावेतनाचा पहिला हप्ता बहुधा तिथे पोचून, सह्या करून, बँकेत खातं उघडल्यावर येतो. तोवर तिकीट, व्हिसा, विमा, खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं खिशातून. दीड-दोन लाख हाताशी ठेवा. बरेचसे योजनेतूनच भरून निघतील, पण आधी घालावे लागतील. उधारीवर माल देणाऱ्याला हे मी काय सांगायचं! तुमचं खातं सहकारी बँकेत असेल तर परदेशी चलनाचं काम तिथे होतं का ते आजच विचारा. तिथे कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नको.

व्हिसाला वेळ द्या. ९० दिवसांपेक्षा जास्त मुक्काम आहे, म्हणजे शेंगेनचा, युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा, पर्यटक व्हिसा चालत नाही, पोर्तुगालचा राष्ट्रीय व्हिसा काढावा लागतो. पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास पणजीतच आहे, हे आपलं नशीब.  पोलिसांचा दाखला, विम्याचा कागद, राहण्याच्या जागेचा पुरावा, निवडीचं पत्र, आणि काही कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. मुलीच्या नावाचं स्पेलिंग दहावीच्या दाखल्यावर, पासपोर्टवर आणि जन्मदाखल्यावर एकच आहे ना, तेवढं आज रात्री कपाट उघडून बघा. गोव्यातल्या नावांत एक 'बी'चा 'व्ही' झाला की दोन महिने जातात.

भाषेची धास्ती घेऊ नका. पेपर इंग्रजीतून आहेत का, हे मात्र करारपत्र भरतानाच तपासा. माहितीपत्रकात इंग्रजी आणि वर्गात पोर्तुगीज, असंही होतं. बोलण्यापुरतं शिकायला पणजीत कामोंइश या पोर्तुगीज सरकारी संस्थेचं भाषा केंद्र आहे. आणि दुकानात तुम्ही रोज थोडं पोर्तुगीज बोलताच की. चावी, पगार, बिजागरी, फीत, घमेलं, अननस, सगळं तिकडून आलेलं. जेवणाचीही काळजी नको. युरोपियन युनियनमध्ये माणशी सर्वांत जास्त मासे खाणारा देश तो, आणि भातही तिथे जोरात चालतो. थंडीचं मात्र सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. बर्फ वगैरे नसतं, पण डिसेंबर-जानेवारीत पाऊस आणि गारठा, त्यात बऱ्याच जुन्या घरांत हीटर नसतो. बाहेरपेक्षा घरात जास्त कुडकुडायला होतं. लोकरीचे मोजे भरपूर द्या. जाड कोट तिथेच घेऊ दे. इथे मिळतो तो दिसायलाच जाड असतो.

उरली चवथ. हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही, वहिनींना सांगा. माझ्याही घरी माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची आरास, बांधताना एक माणूस कमी असला की दोरी कुठे पकडायची यावरून भांडणं होतात. थोरली मुलगी म्हणजे नेवऱ्यांच्या कडा मुरडणारे हात. पण तुम्ही लिहिलंय, सप्टेंबर. म्हणजे नेमका कोणता दिवस? बहुतेक विद्यापीठांत पहिला आठवडा ओळख-परेडचा असतो, तास नंतर सुरू होतात. तिने तिथल्या कचेरीला एक ईमेल करून विचारावं, आमच्या घरी वर्षाचा सण आहे, चार दिवस उशिरा आले तर चालेल का. अशी विनंती करण्यात काही गैर नाही, आणि मान्यही होते. नाहीच झाली तर सप्टेंबरात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे. संध्याकाळी साडेसातला आरतीचं घुमट वाजेल तेव्हा तिथे दुपारचे तीन. तास चुकवून का होईना, ती फोनवर आरतीला उभी राहील. पैज लावते.

त्याच चवथीला आणखी एक करा. विभागात विचारा, तिथून इथे कोणी मुलगा-मुलगी आलीय का, गेल्या वर्षी आली होती का. आली असेल तर तिला घरी बोलवा, माटोळीखाली बसवा, पातोळ्या वाढा. खोली कुठे स्वस्त, कोणते मास्तर कडक, कोणता पेपर नुसता नावाचा, हे तिच्याइतकं कोणतंही माहितीपत्रक सांगणार नाही. आणि कोणीच कधी आलं नसेल, नुसती मुलं इथून तिथे जात असतील, तर तेही कळू दे. अशा ठिकाणी गुणांचं आणि पेपरांचं रूपांतर करायची इथल्या कचेरीला सवय नसते. मग सह्यांचा आग्रह दुप्पट धरायचा.

तर, पाठवू का? कागद झाला तर पाठवा, बिनधास्त. कागद झाला नाही तर पुढच्या वर्षी पाठवा, किंवा हे सेमिस्टर वाया गेलं तरी चालेल असं तिघांनी मिळून ठरवून पाठवा. तसंही काही लोक ठरवतात आणि पस्तावत नाहीत. पण ते ठरवून झालेलं असावं, घरी परतल्यावर कळलेलं नसावं.

सोमवारी दुकान मेव्हण्यांच्या भावाकडे, नाहीतर कुणाकडे तरी सोपवा आणि लेकीबरोबर विभागात जा. तिने दोन्ही अभ्यासक्रम छापून न्यावेत, जुळणाऱ्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारून. करारपत्राचा दुसरा रकाना तिने स्वतः भरून न्यावा. भरलेला कागद समोर आला की सही करणं सोपं जातं, कोरा आला की तो 'मागीर' जातो. तुम्ही मात्र आत जाऊ नका. बाहेर बाकावर बसा, पेपर वाचा. आत तिला बोलू दे. पाच महिने तिकडे तिलाच बोलायचंय.